कुठं अयोध्या, कुठं लंका… आणि कुठं सोसायटी?

काशीच्या पैलतीरावरच्या रामनगरात रामलीलेची प्रत्येक जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. आता हे गाव वाराणसी महापालिकेत सामील झालंय आणि उत्तर प्रदेशात घरबांधणीचे नवे नियमही आलेत. एका घराच्या जागी तीस बिऱ्हाडं उभी राहतात, तेव्हा रस्ता, पाणी आणि उजेड यांची वाटणी कोण करतं? झोनिंगचे रुक्ष वाटणारे नियम नेमके याच प्रश्नासाठी जन्मले.

काशीयात्रेला गेलेलं मराठी कुटुंब विश्वनाथाचं दर्शन घेतं, घाटांवर फिरतं आणि एक दिवस वेळ काढून रामनगरला जातं. अस्सी घाटापासून थोडं वरच्या अंगाला, गंगेच्या पैलतीरावर चुनारच्या दगडात बांधलेला काशीनरेशांचा किल्ला आहे. किल्ल्यातलं संग्रहालय पाहायचं, जुन्या मोटारी आणि पालख्यांचं कौतुक करायचं, बाहेर येऊन थंडगार लस्सी प्यायची आणि परतायचं, एवढाच बहुतेकांचा रामनगरशी संबंध.

पण अनंत चतुर्दशीच्या सुमारास जो इथं पोहोचतो, त्याला वेगळंच रामनगर दिसतं. इथली रामलीला एका मंचावर होत नाही. अख्खं गावच मंच असतं. १८३० च्या सुमारास काशीनरेशांनी या लीलेला आजचं रूप दिलं, असं मानतात. अयोध्या कुठं, जनकपूर कुठं, चित्रकूट आणि पंचवटी कुठं आणि गावाच्या टोकाला लंकेचं मैदान कुठं, हे सारं तेव्हापासून ठरलेलं आहे. महिनाभर कथा पुढं सरकते तसे हजारो प्रेक्षक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जातात. कुणाच्या हातात रामचरितमानस, कुणाच्या काखेत बसायला चटई. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाहीत. पेट्रोमॅक्सच्या आणि मशालींच्या उजेडात संवाद होतात. २००५ मध्ये युनेस्कोनं रामलीलेच्या परंपरेचा गौरव केला, तेव्हा रामनगरचं नाव जगभर गेलं.

थोडक्यात, कोणती जागा कशासाठी, हे रामनगरला नवं नाही. लंकेच्या मैदानात वर्षाचे अकरा महिने काही घडो न घडो, ती जागा लंकेची. यामागं राजाचा शब्द होता आणि लोकांची श्रद्धाही. घरबांधणीच्या बाबतीत मात्र राजाचा शब्द चालत नाही. तिथं नियम लागतो.

गाव वाढलं, नियम बदलले

एकेकाळी रामनगरला जायचं म्हणजे नाव किंवा पिपांचा तरंगता पूल. २०१७ मध्ये सामने घाटाकडून रामनगरला जाणारा पक्का पूल खुला झाला आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा परिसर एकदम हाकेच्या अंतरावर आला. २०१८ च्या नोव्हेंबरात इथं गंगेवरचं मालवाहतुकीचं टर्मिनल सुरू झालं. पुढं रामनगरची स्वतंत्र नगरपालिका संपली आणि २०२३ च्या निवडणुकीत इथल्या मतदारांनी वाराणसीचा महापौर निवडण्यासाठी मतदान केलं.

पूल आला, महापालिका आली की पाठोपाठ फ्लॅट येतात. हे ठाणे, पिंपरी-चिंचवड किंवा नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शेताचे प्लॉट पडतात, प्लॉटवर घर होतं आणि एक दिवस घराच्या जागी लिफ्टवाली इमारत उभी राहते.

नेमक्या याच काळात, २०२५ च्या जुलैमध्ये, उत्तर प्रदेश सरकारनं बांधकामाची नवी आदर्श उपविधी आणि झोनिंगची नवी नियमावली मंजूर केली. तिच्यातल्या काही तरतुदी अगदी सामान्य कुटुंबाशी निगडित आहेत. १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी प्लॉटवर घर बांधायचं तर नकाशा मंजूर करून घ्यायची गरज नाही, नोंदणी पुरे. वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, चार्टर्ड अकाउंटंट यांना राहत्या घराच्या २५ टक्के जागेत आपलं काम थाटता येतं. १० लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात २४ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर घराबरोबर दुकानाला मुभा आहे. त्याहून लहान शहरात ही अट १८ मीटरची आहे.

फ्लॅटच्या दृष्टीनं दोन बदल मोठे आहेत. अनेक कुटुंबांची सामूहिक वसाहत उभारायला पूर्वी निदान २,००० चौरस मीटरचा प्लॉट लागायचा. आता दाट वस्तीच्या भागात १,००० चौरस मीटर आणि नव्या भागात १,५०० चौरस मीटर पुरतो. दुसरं म्हणजे ४५ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर बांधकामाच्या प्रमाणावरची वरची मर्यादाच उठवली गेली. महाराष्ट्रात आपण ज्याला एफएसआय म्हणतो, त्यालाच तिकडं एफएआर म्हणतात.

नियम सैल झाले, घरं वाढतील, किमती आवाक्यात येतील, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. घरांची टंचाई असेल तर घरं बांधायलाच हवीत. पण या सगळ्या तरतुदींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती बारकाईनं पाहायला हवी. ती म्हणजे रस्त्याची रुंदी. इमारत प्लॉटवर उभी राहणार, मग नियम रस्त्याची चौकशी का करतो?

एका प्लॉटचं गणित

याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, १,००० चौरस मीटरचा एक प्लॉट आहे. त्यावर पाच-सहा कुटुंबं आपापली छोटी घरं बांधून राहू शकतात. आता तिथं अडीच एफएआरची इमारत झाली, तर २,५०० चौरस मीटर बांधकाम होईल. ८० चौरस मीटरचा एक फ्लॅट धरला तरी तीस बिऱ्हाडं झाली. घरटी पाच माणसं म्हणजे दीडशे माणसं.

शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी हवं, असं आपल्याकडचं सरकारी प्रमाण आहे. दीडशे माणसांना रोज २०,२५० लिटर पाणी लागेल. म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर भरून! वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं. हे सोळा हजार लिटर सांडपाणी ज्या गटारात जायचं, ते मात्र पाच-सहा घरांच्या हिशेबानं टाकलेलं असतं.

आता गाड्या मोजा. तीस घरांत वीसच मोटारी धरल्या, तरी उभ्या करायला आणि वळवायला मिळून प्लॉटच्या निम्म्याच्या आसपास जागा जाते. ती आवारात नसेल तर गाड्या रस्त्यावर येतात. रस्त्यावर गाड्या आल्या की रात्री अ‍ॅम्ब्युलन्स किंवा अग्निशमन दलाचा बंब आत शिरत नाही. १५ मीटरहून उंच इमारत आपल्याकडच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार ‘उंच इमारत’ ठरते. तिला आगीपासून बचावाच्या जास्तीच्या सोयी लागतात, त्या यासाठीच.

म्हणजे प्लॉट मालकाचा असला तरी पाणी, गटार, रस्ता, उजेड आणि वारा हे सामायिक असतं. एका जमिनीवर किती कुटुंबं राहू शकतात, हे नुसती जमीन ठरवत नाही, तिच्या भोवतालच्या सामायिक गोष्टी ठरवतात. झोनिंगचा मूळ हेतू तो हाच. कारखाना घरांपासून दूर ठेवणं, शाळा आणि मैदानासाठी जागा राखणं, दोन इमारतींत अंतर सोडायला लावणं, ही सगळी त्याचीच रूपं आहेत. आणि आणखी एक गोष्ट. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या माणसाला उद्या शेजारी काय उभं राहील याचा अंदाज असावा, एवढी हमी हा नियम देतो.

प्लेगनं शिकवलेला धडा

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. मराठी माणसाला त्याचा सर्वात जवळचा इतिहास मुंबईतच सापडतो. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मांडवी भागात प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दाटीवाटीनं राहणाऱ्या गोरगरिबांत तो वणव्यासारखा पसरला. लाखो लोक शहर सोडून पळाले. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.

या ट्रस्टनं बांधकामाला एक अट घातली होती. तिचा कोन होता ६३.५ अंशांचा! दोन इमारतींमध्ये इतकं अंतर हवं की खालच्या मजल्यावरच्या खोलीलाही या कोनातून आकाशाचा उजेड मिळेल. गवंड्याच्या भाषेत सांगायचं तर इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी सोडा. चाळीस फूट उंच इमारत, तर वीस फूट मोकळं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरातला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानं देऊन ही गोष्ट मुंबईकरांच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला.

दादर-माटुंग्याच्या योजना ट्रस्टच्याच. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात आजही फिरून पाहा. तिथं फक्त बंगले नव्हते. एका इमारतीत अनेक बिऱ्हाडं राहत होतीच. पण इमारती बेताच्या उंचीच्या, चारी बाजूंनी मोकळी जागा, रस्त्याला झाडं आणि चालत जाता येईल अशी बाग. अनेक कुटुंबांनी एकत्र राहणं म्हणजे दाटीच असं नाही, हे या वसाहतींनी दाखवून दिलं.

अर्थात, ट्रस्टची दुसरी बाजूही विसरता कामा नये. रस्ते रुंद करण्यासाठी त्यानं गरिबांच्या राहत्या खोल्या पाडल्या आणि त्या वेगानं नवी घरं दिली नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या मोहल्ल्यात गर्दी करून राहिली. नियम कागदावर कितीही चांगला असला, तरी त्यात गरिबाला जागा नसेल तर तो नियमाबाहेर जाऊन राहतो. शहरांच्या कडेला अनधिकृत प्लॉट का पडतात, याचंही हे एक कारण आहे.

नियमाच्या आडून माणसं दूर

अमेरिकेतला अनुभव तर आणखी डोळे उघडणारा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग नावाची अवाढव्य इमारत झाली आणि आसपासचे रस्ते तिच्या सावलीत गेले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्या शहरानं झोनिंगचा कायदा केला. १९२६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं युक्लिड या गावाच्या खटल्यात झोनिंगला मान्यता दिली. पण त्या निकालात न्यायालयानं एका कुटुंबाच्या बंगल्यांच्या भागात येणाऱ्या फ्लॅटच्या इमारतीची तुलना चक्क बांडगुळाशी केली होती!

मग अनेक शहरांनी मोठमोठे भाग फक्त एकेका कुटुंबाच्या बंगल्यांसाठी राखून ठेवले. भाड्यानं राहणारे, कमी मिळकतीचे आणि बऱ्याचदा कृष्णवर्णीय लोक अशा भागांतून आपोआप वगळले गेले. कुणालाही ‘येऊ नका’ म्हणायची गरज पडली नाही, नियमच तसा होता. सुमारे शंभर वर्षांनी हवा बदलली. २०१८ च्या डिसेंबरात मिनिआपोलिस शहरानं केवळ एका कुटुंबासाठी राखलेले भाग रद्द करायचं ठरवलं. तसं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर.

तेव्हा नियम हवा की नको, हा प्रश्नच नाही. नियम कुणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न आहे.

एका शब्दाची किंमत

आणि तो प्रश्न नियमाच्या एखाद्या शब्दात दडलेला असतो. गिरणगावानं हे भोगलं आहे. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानानं तीन वाटे पडायचे. एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. गिरणीची शेड पाडून मोकळी झालेली जमीन त्यातून सुटली. बहुतेक गिरण्यांत शेडच जास्त, मोकळी जमीन थोडी! प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम राहिला. लालबाग-परळमध्ये आज जितके टॉवर दिसतात तितकी मैदानं दिसत नाहीत, त्याचं मूळ या बदलात आहे.

उत्तर प्रदेशातलं मीरतचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. तिथल्या शास्त्रीनगरात घरासाठी दिलेल्या एका प्लॉटवर १९९० च्या सुमारास दुकानं बांधली गेली. खटला वर्षानुवर्षं चालला. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हे बांधकाम पाडायचा निर्णय कायम केला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तिथं बुलडोझर फिरला. पस्तीस वर्षं जिथं धंदा केला, ती दुकानं दोन दिवसांत जमीनदोस्त झाली. त्यातल्या कित्येकांनी ती कष्टाच्या पैशांतून घेतली असतील. ‘इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतं’ या भरवशावर राहू नये, हाच याचा धडा.

याच निकालात न्यायालयानं देशभरासाठी काही सूचना दिल्या. इमारत पूर्ण झाल्याचं किंवा भोगवट्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावरच ताबा द्यायचा, वीज आणि पाण्याची जोडणीही ते पाहूनच द्यायची, बँकेनंही ते तपासूनच कर्ज द्यायचं. फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात त्यामुळे एक चांगलं हत्यार आलं आहे.

घर घेण्याआधी विचारा

रामनगर असो की राजगुरुनगर, घर पाहायला गेलेलं कुटुंब साधारण काय विचारतं? खोल्या किती, स्वयंपाकघराला ओटा कसा, दर काय, हप्ता किती. हे विचारायलाच हवं. पण त्याबरोबर आणखी काही प्रश्न विचारले तर पुढचा मनस्ताप वाचतो.

जमीन कोणत्या झोनमध्ये आहे? महाराष्ट्रात महापालिकेकडून झोन दाखला मिळतो, उत्तर प्रदेशात विकास प्राधिकरणाच्या महायोजनेत पाहता येतं. जमीन शेतीच्या किंवा हरित पट्ट्यात तर नाही? नदीकाठी असेल तर आणखी जपा. वाराणसीत गंगेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर बंधन आहे.

समोरचा रस्ता प्रत्यक्षात किती रुंद आहे? नकाशावरचा २४ मीटर आणि जमिनीवरचा २४ मीटर यात फरक असू शकतो. २४ मीटर म्हणजे जवळजवळ ऐंशी फूट. रुंदीकरण व्हायचं असेल तर ते कधी आणि कुणाच्या जागेतून, हे विचारा.

मंजूर नकाशा पाहायला मागा. किती मजल्यांची आणि किती फ्लॅटची परवानगी आहे, ते मोजा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदलेल्या प्रकल्पाची माहिती राज्याच्या रेरा संकेतस्थळावर पाहता येते. पाण्याची जोडणी नळाची की बोअरची, आणि सांडपाणी कुठं सोडलंय, हे विचारायला संकोच करू नका.

आणि शेवटचं म्हणजे शेजारचा रिकामा प्लॉट. तिथं नियमानं काय उभं राहू शकतं? आज खिडकीतून दिसणारी आमराई पाच वर्षांनी भिंत झाली, तर बिल्डरला दोष देऊन उपयोग नसतो. ती शक्यता कागदावर आधीच लिहिलेली असते, आपण पाहिलेली नसते.

जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होत असेल तर हे प्रश्न दुप्पट महत्त्वाचे. प्रत्येकाला शंभर-दीडशे चौरस फूट जास्त मिळणार म्हटलं की सभेत टाळ्या पडतात. पण चाळीस बिऱ्हाडांची एकशे वीस होणार असतील, तर त्या जादा ऐंशी बिऱ्हाडांचं पाणी कुठून येणार आणि गाड्या कुठं राहणार, हेही त्याच सभेत विचारायला हवं. विकास आराखडा जाहीर होतो, तेव्हा नागरिकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी मुदत असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती नोटीस बहुतेक घरांत वाचलीच जात नाही. मैदानावरचं आरक्षण उठलं की मात्र सगळे जागे होतात.

रामनगरला मोठी इमारत नकोच, असं कुणी म्हणणार नाही. तिथल्या मुलांनाही घरं हवीत, आणि ती परवडणारी हवीत. रुंद रस्त्यालगत, पाणी आणि गटार आधी नेऊन, चार-पाच मजल्यांच्या नीट इमारती झाल्या तर गावाचं भलंच होईल. तेच जुन्या रामनगरातल्या अरुंद गल्लीत पोटनियमाचा आधार शोधून झालं, तर त्रास साऱ्या गल्लीला.

रामलीलेत संवाद सुरू होण्याआधी व्यास मोठ्यानं पुकारा करतात, “चुप रहो! सावधान!” एवढा हजारोंचा जमाव क्षणात शांत होतो. ध्वनिवर्धक नसूनही मागच्या रांगेतल्या म्हातारीला रामाचे शब्द ऐकू येतात, कारण पुढच्या रांगेतले सगळे गप्प बसलेले असतात. घरबांधणीच्या नियमांचंही असंच आहे. पुढच्यानं थोडी जागा सोडली, तर मागच्याच्या घरात उजेड येतो.